तिसरी होडी

ढोल वाजता वाजता मधेच थांबला.

द्वारकाआत्या अंगणाच्या कडेला उभी होती. हातात ओटीचं सूप, त्यात खण, नारळ, तांदूळ आणि परसातल्या अबोलीची वेणी. तिने मान वाकडी करून कान दिला.

"थांबला," ती म्हणाली. "ऐकलंस नलू?"

"दम खात असतील."

"माणसं दम खातात गो, ढोल नाय. एकाचा हात दुखला की दुसरा घेतो. कायतरी झालंय."

समोर खाडी होती, पण ती आहे हे आम्हाला माहीत होतं म्हणून. दिसत काहीच नव्हतं. फाल्गुनातलं सकाळचं धुकं एवढं दाट उतरलं होतं, की अंगणातले माड कमरेपासून वर नाहीसे झाले होते. सारवलेली जमीन अजून ओली होती, तिच्यावरची रांगोळी तेवढी पांढरी दिसत होती आणि त्यापलीकडे जग संपलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, शिमग्याला घरी आले होते. अजूनही डोळे मिटले की ती सकाळ मला आधी ऐकू येते, मग दिसते.

खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवं म्हणतात. आमच्या आसवेळ गावचं जुवं म्हणजे माडांचा एक झुबका, त्याखाली दडलेली काही घरं आणि माझी आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, पाठची बहीण. लग्न होऊन ती जुव्यावर गेली. तिचे यजमान तात्या फारसे बोलत नसत. त्या घरातलं बोलण्याचं खातं पहिल्यापासून आत्याकडे होतं.

शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची, नवलाईची, पालखी गावात घरोघर फिरते आणि जुव्यावर पाण्यावरून जाते. दोन होड्या शेजारी घ्यायच्या, आडव्या वाशांनी एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, की झाली सांगड. पालखीचा दांडा लांब, तो एका होडीत मावत नाही. त्या दोन होड्यांपैकी एक गावची आणि एक जुव्याची, अशी रीत. पालखी उतरली की पहिलं अंगण आत्याचं, आणि तिथवर पुढचा खांदा अण्णांचा. माहेरची देवी भावाच्या खांद्यावरून दारात येते, म्हणून आत्या वर्षभर त्या एका सकाळची वाट बघत असे. त्या वर्षी मात्र देवी येते की नाही, हाच प्रश्न होता.

त्याला कारण अण्णांचं भाषण.

अण्णा त्या साली नव्या तालुक्याच्या कृती समितीचे अध्यक्ष होते. तालुक्याचं गाव आमच्यापासून घाटावळणांनी लांब, आणि आसवेळीचा रस्ता दर वर्षी 'पुढच्या वर्षी' होणार असायचा. म्हणून खाडीकाठच्या गावांचा वेगळा तालुका हवा, ही मागणी. अण्णा बोलायला उभे राहिले की शाळेचं पटांगण गप्प होई. "आमचं कुणाशी वैर नाही," ते म्हणत. "मुलगा कर्ता झाला की वेगळी चूल मांडतो. त्याने आईबापाचा अपमान होत नाही. आमच्या रस्त्याचं आम्हाला ठरवू द्या, एवढंच मागणं आहे."

तालुक्याच्या गावी भाऊसाहेब म्हणून एक पुढारी होते. त्यांनी उत्तर दिलं, की इतकी वर्षं सुखाने एकत्र राहिलो, आताच यांचे कान कुणी फुंकले? मूठभर गावं, तालुका चालवणार कसा? आपलीच माणसं आहात, फुटू नका. अण्णा रात्री जेवताना त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करीत. "आपलीच माणसं आहात म्हणे! रस्ता देताना कुठे जातं हे आपलेपण?" आईला हसून हसून ठसका लागायचा. गंमत म्हणजे हेच भाऊसाहेब स्वतः नव्या जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष होते. जिल्ह्याच्या गावी आणखी कुणाला काय वेगळं हवं होतं देव जाणे, तिथलं आमच्यापर्यंत ऐकू येत नव्हतं.

अण्णांचं भाषण ऐकायला आत्या होडीतून आली होती. पहिल्या रांगेत बसली, टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन म्हणाली, "दादा, काय बोल्लास रे! माज्या डोळ्यात पाणी आलं."

अण्णा खुशीत आले. "पटलं ना?"

"पुरतं पटलं. म्हणून आमी पण ठरवलं. जुव्याची वेगळी ग्रामपंचायत मागायची. आमचा धक्का ढासळलाय, पोरं चिखलातून शाळेत जातात, आणि तुमी दर वर्षी पुढल्या वर्षी म्हणता. आमच्या धक्क्याचं आमाला ठरवू दे."

अण्णांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

"कान कुणी फुंकले तुमचे?" ते म्हणाले. "इतकी वर्षं सुखाने एकत्र राहिलो. मूठभर घरं तुमची, पंचायत चालवणार कशी?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. अण्णांच्या काहीच लक्षात आलं नाही. ते मनापासून चिडले होते, आणि मनापासून चिडलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही.

मग गावात बैठका झाल्या. ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांच्याकडे देवी कशाला, असं एकजण म्हणाला. देवी काय पंचायतीची आहे का, असं दुसरा म्हणाला. शेवटी अण्णांनीच तोडगा काढला: पालखी जाईल, पण दोन्ही होड्या गावच्या. जुव्याची होडी नको.

तो निरोप घेऊन मीच शिमग्याच्या आदल्या दिवशी जुव्यावर आले होते. आत्याने तो ऐकला आणि पुरणाचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं.

"आमच्या होडीशिवाय आली तर ती देवी नव्हे, मेहेरबानी," ती म्हणाली. "मेहेरबानीची ओटी मी भरणार नाय."

पण पहाटे उठून तिने अंगण सारवलं होतं, आणि सूपही भरून ठेवलं होतं.

आता ढोल थांबला होता. माडाखालून धाकू आला. तो जुव्याच्या होडीचा तांडेल, होडी हाकणारा, मोठा माणूस, पण आत्यापुढे नेहमी शाळेतल्यासारखा उभा राहायचा.

"वैनी, वोहटी लागली कवाच," तो म्हणाला. "भरतीत यायचं सोडून आता निघाले हायत. रुतले असणार मधल्या चिखलात."

नंतर कळलं ते असं, की भरतीची वेळ काठावरच गेली. दुसरी होडी कुणाच्या घराची, हा मान कुणाचा, यावर वाद झाला. आजवर तो मान जुव्याचा असल्याने असा वाद घालायची वेळच कधी आली नव्हती. वाद मिटेपर्यंत पाणी उतरायला लागलं.

आत्याने सूप माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि होडीकडे चालू लागली.

"तुमी कुठं?" धाकू म्हणाला. "पालखीच्या पाण्यात बायामाणूस जात नाय."

"पालखी चिखलात हाय. पाणी कुठंय?" आत्या म्हणाली, आणि होडीत चढून बसली. मग सूप सांभाळत मीही चढले.

त्या धुक्यातून गेलेलं मला अजून स्वप्नात येतं. वल्ह्याचा आवाज व्हायचा आणि लगेच कापसात गुंडाळल्यासारखा विझायचा. वर आभाळ नव्हतं, खाली पाणी होतं ते दुधाळ. एक बगळा अगदी आमच्या हाताशी येऊन आम्हाला न पाहताच निघून गेला. धाकू मधूनच हाक मारी आणि उत्तर कधी उजवीकडून, कधी डावीकडून येई. मला वाटलं आपण असेच जात राहू, कुठेच पोचणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची भीती वाटली नाही. ज्या जागेचं भांडण चाललं होतं ती जागाच नाहीशी झाली होती. गाव कुठलं आणि जुवं कुठलं, ते सांगता आलं नसतं.

मग धुक्यात चांदी चमकली. नवलाईचा मुखवटा. मग पालखीचा लाल गोंडा, मग माणसं. सांगड थोडी कलती होऊन चिखलात बसली होती आणि तिच्यावर गावची कर्ती माणसं निमूट उभी होती.

"कोण ते?" अण्णांचा आवाज आला.

"जुव्याची होडी," आत्या म्हणाली. "तुमाला नको होती ती."

ती हे म्हणते न म्हणते तोच आमच्या होडीखाली काहीतरी घसपटलं आणि आम्हीही रुतलो. धाकूने वल्हं खुपसून पाहिलं, जोर लावला, शिवी गिळली. होडी हलेना. दोन्हींच्या मध्ये चार हात चिखल, उतरलं तर कमरेपर्यंत जाणारा. आता भरती येईपर्यंत सगळ्यांनी बसायचं होतं. बसलो.

चिखलात बुडबुडे फुटत होते. शेवटी भिकाजी गुरव खाकरले. देवीची पूजा त्यांच्याकडे, आणि गावाला काही अडलं की मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावायचं कामही त्यांचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"मी म्हणतो, कौल लावू या काय?" ते म्हणाले.

"चिखलात बसवून देवीनं सांगितलं तेवढं पुरे नाय काय, भिकाजीदादा?" आत्या म्हणाली.

ढोलवाला हसला, आणि अण्णांनी पाहताच गप्प झाला.

"दारके, तुला सगळा खेळ वाटतो," अण्णा म्हणाले. "तालुक्याची गोष्ट वेगळी आहे."

"कशी ती सांग. भरतीला वेळ हाय."

"तिथे सोयीचा प्रश्न आहे. अन्यायाचा प्रश्न आहे."

"आणि आमचा धक्का म्हणजे गंमत?"

"तुम्ही मूठभर घरं."

"भाऊसाहेबांच्या घरातून बघितलं तर आसवेळ मुठीत पण मावत नाय."

आत्या आता मस्करी करत नव्हती. "तू निघालास की ते वेगळं होणं," ती म्हणाली, "आणि मी निघाले की ते फुटणं. असं कसं रे, दादा?"

धुकं जरा हललं आणि मला अण्णांचा चेहरा नीट दिसला. सभेतला चेहरा नव्हता तो. पालखीच्या दांड्यावर हात ठेवून ते उभे होते, सांगड ढकलायला चिखलात पाय घातल्याने पायजमा गुडघ्यापर्यंत भरलेला.

"माजं लगीन झालं," आत्या हळू आवाजात म्हणाली, "तवा मला सोडायला तूच आलास. याच खाडीतून. मी रडत होते. तू काय बोल्लास?"

"आठवत नाही."

"आठवतंय तुला. बोल्लास, दारके, घर वेगळं झालं म्हणून देव वेगळा होत नाय. दर शिमग्याला मी देवी घेऊन येईन. त्या दिवशी मी आडनाव सोडलं, चूल सोडली, गाव सोडलं. तवा नाय तू देवी अडवलीस. आज मी एक धक्का मागितला, तर अडवतोस?"

अण्णा पालखीचा गोंडा सारखा करीत राहिले. मग जे म्हणाले ते इतकं हळू, की चार हातांवरून आम्हाला ऐकू आलं हेच नवल.

"तेव्हा तुला जावं लागलं म्हणून तू गेलीस. आता तू जातेस, कारण तुला आमच्यात राहायचं नाही. मला तसं वाटतं, दारके. लागतं ते मनाला."

मी अण्णांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आत्याचे डोळे भरले. तिने ते पदराने पुसले, नाक ओढलं आणि म्हणाली, "तसंच वाटत असेल रे भाऊसाहेबांना पण."

अण्णा उसळून म्हणाले, "त्या माणसाला मन आहे कुठे वाटायला?"

आधी गुरव हसले. मग धाकू, मग ढोलवाला, आणि मग ते हसू दोन्हीकडच्या सगळ्यांना लागलं. अण्णा ओठ दाबून उभे होते. खांदे हलायला लागले तसं त्यांनी तोंड फिरवलं, पण पाठमोरा माणूसही हसताना दिसतोच.

त्यानंतर वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. आत्याने बरोबर फडक्यात बांधून आणलेल्या पुरणपोळ्या काढल्या. धाकूने त्या वल्ह्याच्या पात्यावर ठेवून पलीकडे सरकवल्या. देवी मधे बसली होती, ना गावात ना जुव्यावर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बोटं चाटत होती. कुणीतरी हलक्या हाताने ढोलावर बोटं वाजवीत होतं. ऊन वर आलं तसं धुकं सोनेरी झालं, आणि मला वाटलं, ही भरती आलीच नाही तरी चालेल.

पण ती आली. आधी चिखलातल्या खळग्यांत पाणी लकाकलं, मग होडीच्या बुडाला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, आणि मग आम्ही अलगद उचललो गेलो. आमची होडी हलकी, ती आधी सुटली आणि पाण्यानेच सांगडीला जाऊन टेकली. धाकूने ती वल्ह्याने बाजूला ढकलायला घेतली.

"थांब," अण्णा म्हणाले.

त्यांनी सांगडीच्या वाशाला बांधलेल्या दोराचं उरलेलं टोक उचललं. सांगड दोन होड्यांची असते, तीन होड्यांची कुणी पाहिली नव्हती. गावच्या दोन होड्यांतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी दोर आत्याच्या मांडीवर फेकला.

"धर," ते म्हणाले.

आत्याने धरला.

अशी ती तीन होड्यांची सांगड ढोल वाजवीत जुव्याला लागली. अण्णा चिखलाच्या पायांनीच पालखीचा पुढचा खांदा घेऊन आत्याच्या अंगणात आले, रांगोळीवरून. आत्याने ओटी भरली. नारळ देवीपुढे ठेवून ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. अण्णांनी ते पाहिलं आणि घसा साफ केला.

"गावसभेत मी विरोधच करणार आहे," ते म्हणाले.

"कर की," आत्या म्हणाली. "आणि पालखी?"

"पालखीचा काय संबंध?" अण्णा असे म्हणाले, जणू तो संबंध दुसऱ्याच कुणी लावला होता.

त्यांनी विरोध केला. भर सभेत हात वर करून केला, आणि जेवायला आत्याकडे गेले. पुढे यथावकाश जुव्याची ग्रामपंचायत झाली, आत्या तिची पहिली सरपंच. धक्का बांधला गेला. नवा तालुका मात्र अजून झालेला नाही, समिती आहे. अण्णा गेले तेव्हा समितीने श्रद्धांजलीची सभा घेतली आणि भाऊसाहेब तिथे येऊन फार छान बोलले.

अण्णा गेल्यानंतरच्या शिमग्याला मी पुन्हा आत्याकडे गेले होते. ती म्हातारी झाली होती, पण आवाज तोच. मी चहा पीत होते आणि ती संतापाने सुपारी कातरत होती.

"उत्तरेच्या टोकावरची घरं," ती म्हणाली, "त्यांना म्हणे परत गावच्या पंचायतीत जायचंय. आमी त्यांच्या विहिरीकडे बघत नाय म्हणून! अगो, एवढंसं जुवं, त्याचे तुकडे करायचे? इतकी वर्षं सुखानं एकत्र राहिलो. कान कुणी फुंकले त्यांचे? मूठभर घरं ती, आणि निघाले फुटा..."

अडकित्ता थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपात बघत राहिले.

"मी बोलतेय की दादा?" तिने विचारलं.

ती दाराबाहेर खाडीकडे बघत बसली, आणि मग तिने डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. चिखलात रुतलो होतो त्या सकाळपासून सांगड तीन होड्यांचीच बांधतात, आणि बायकांनी तिच्यावर चढायलाही कुणी हरकत घेत नाही. आत्या आणि मी जुव्याच्या होडीतून गावच्या काठाला येऊन सांगडीवर चढलो होतो, आणि भरती तुडुंब होती. पालखीचा पुढचा खांदा आता माझ्या भावाचा. निघायच्या वेळी टोकावरच्या घरांची एक लहानशी होडी धुक्यातून आली आणि जरा लांबच थांबली. तिच्यातली माणसं खाली मान घालून होती. आपल्याला बोलावलंय की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आत्या सांगडीवर माझा हात धरून उभी राहिली. तिने दोराचं टोक शोधलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकलं.

"धरा," ती म्हणाली. आणि दोर धरला गेल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "गावसभेत मी विरोधच करणार हाय."